घोडीच्या समाचाराला

"घोडीच्या समाचाराला कोणी जातं का?" नवऱ्याने पेपरातून मान न काढता विचारलं.

मी जाते, असं सांगून मी पायात चपला सरकवल्या. आदल्या दिवशी सुलभाचा फोन आला होता. सुलभा म्हणजे माझ्या मामेभावाची, वसंताची बायको. गोराईला राहतात. मामा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर त्याने तिकडे जागा घेऊन टांगा घातला. तोच टांगा आता वसंता चालवतो. लेक लग्न होऊन कांदिवलीला गेली. शेवंती नावाची त्यांची एकच घोडी आहे.

"ताई, शेवंती गाभडली (दिवस भरायच्या आधीच पोटातलं गेलं)," सुलभा म्हणाली. "आणि आता हे तिला विकायला निघालेत. जुहूचा कोणी माणूस आहे, तो या आठवड्यात बघायला येणार. माझ्याशी धड बोलतसुद्धा नाहीत. तुमचं ऐकतात ते. या ना."

समाचाराला जाताना हात रिकामे नकोत आणि गोडही न्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. घोडीला गूळ आवडतो हे मला माहीत होतं, पण गूळ गोडच. शेवटी मुलुंडच्या बाजारातून गाजरं घेतली. भाजीवालीला वाटलं, मी हलवा करणार. साखर किती घालायची तेही सांगत बसली बाई.

ठाण्यावरून बोरिवलीची बस घेतली, घोडबंदरच्या रस्त्याची. त्या रस्त्याला हे नाव का पडलं असेल, असा विचार एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मनात आला. उजवीकडे खाडी लागली, डावीकडे डोंगर. मधे एवढाले टॉवर उभे राहिलेत की डोंगर हप्त्याहप्त्याने दिसतो. बोरिवलीला उतरून रिक्षा केली आणि गोराईच्या धक्क्यावर आले.

ओहोटी होती. तिवरांची मुळं चिखलातून वर आली होती आणि त्यात बगळे उभे होते. पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस दिसत होता. बोटीत माणसांबरोबर स्कूटरीही चढवतात. एका गृहस्थाची स्कूटर चढताना तिचा आरसा माझ्या पिशवीच्या बंदात अडकला, बंद तुटला आणि गाजरं सगळ्या बोटीत पसरली.

"डोळे आहेत की खाडीत टाकलेत?" मी म्हटलं. मला राग पटकन येतो, त्याला काय करणार.

तो बिचारा वाकून गाजरं गोळा करायला लागला. पन्नाशीचा, जाडसर, पाठीला बॅग. एक गाजर पुसत म्हणाला, "एवढी गाजरं? घोडा आहे का तुमच्याकडे?"

"घोडी. माझ्या भावाची."

"वसंत टांगेवाल्याची?"

तो शेवंतीचा डॉक्टर निघाला. अंधेरीहून आला होता, तिलाच तपासायला. मग मला माझ्या जिभेची लाज वाटली आणि मी सरकून त्याला बसायला जागा दिली.

"काय झालं हो तिला?" मी विचारलं. "पडली का कुठे? टांग्याला जुंपली म्हणून झालं का?"

"सगळे हेच विचारतात," डॉक्टर म्हणाले. "पडली का, घसरली का, ग्रहणात बाहेर बांधली का. कधी जंतू असतात. कधी बुरशी आलेलं गवत, कधी नाळेला पीळ. पुष्कळदा तर मलाही सांगता येत नाही काय झालं. मग लोक माझ्यावर रागावतात. इथे मात्र कारण माहीत आहे. दोन होती."

"जुळं?" मी म्हटलं. माझा चेहरा आपोआप फुलला असणार, कारण डॉक्टर माझ्याकडे बघून किंचित हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

"माणसात आनंद असतो तो. घोडीत नाही. तिची पिशवी एकाच्याच बेताची. दोघांच्या वारेला जागा पुरत नाही, दोघं एकमेकांच्या वाट्याचं खातात. बहुतेक वेळा दोन्ही जातात. म्हणून अगदी सुरुवातीला तपासणीत दोन दिसली की एक दाबून टाकायचं असतं. आतून, हातानेच. मग दुसरं बहुतेक जगतं."

"मग तुम्ही केलं नाहीत?"

"मी सांगितलं होतं. नवराबायको दोघांनीही हात जोडले. देवाने दोन दिली, त्यातलं एक मारू कसं, म्हणाले. तुमच्या भावाने मला विचारलं, डॉक्टर, खयच्याक मारू, ता सांगा (कुठल्याला मारू, ते सांगा). लहान असेल त्याला, हे उत्तर आहे, पण ते त्या माणसाला ऐकवण्यासारखं नव्हतं. तेव्हा रागावून करून घ्यायला हवं होतं, असं आता वाटतं."

बोट धक्क्याला लागली. डॉक्टर स्कूटरवरून पुढे गेले. मी रिक्षाने निघाले. वाटेत नाक्यानाक्यावर क्रूस आहेत, त्यांना ताज्या झेंडूच्या माळा होत्या. एका अंगणात बांबूवर बोंबील सुकत घातलेले. चर्चच्या पुढे डावीकडे वळलं की वसंताचं घर.

सुलभा दारातच उभी होती. डोळे सुजलेले. मूळची घाटकोपरची, एरवी आवाज असा की चार घरं ऐकतील, पण आज हळूच म्हणाली, "आलात, बरं झालं." घरात शिरताच माझ्या लक्षात आलं की मासळीचा वास नाही. गोराईत, तेही मालवणी माणसाच्या घरात, मासळी शिजली नाही म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको होतं.

घोडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. तांबूस रंग, कपाळावर पांढरा पट्टा. तिच्या पायाशी एक शेळी बसलेली. सोबत म्हणून डॉक्टरांनीच बांधायला सांगितली होती. शेवंतीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं, आणि खिंकाळली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"दोन्ही पोरं यांनी लगेच उचलून नेली नि पुरली," सुलभा म्हणाली. "डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. ते म्हणाले, थोडा वेळ तिच्यापुढे ठेवायची होती. हुंगून हुंगून तिला कळलं असतं. आता ती शोधतेय."

डॉक्टरांनी ताप बघितला, पोट बघितलं. त्या दिवशी पडलेली वार त्यांनी गोणपाटावर पसरून नीट तपासली होती, तुकडासुद्धा आत राहिला नव्हता. तो राहिला असता तर घोडीच गेली असती, असं ते म्हणाले. कास मात्र अजून भरलेली होती.

"दूध काढू नका," त्यांनी बजावलं. "काढलंत तर येत राहील. आपोआप आटू द्या. खुराक कमी, आणि रोज हातात धरून चालवा."

"दूध आधीच उतरलं होतं, ताई," डॉक्टर गेल्यावर सुलभा म्हणाली. "अजून कितीतरी दिवस होते. मला वाटलं, शुभच आहे. मी शेजारी साखर वाटून आले. ते वाट लागल्याचं लक्षण होतं, मला काय माहीत." आणि ती शेडच्या खांबाला टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शेळी माझा पदर चावत होती, तिला ढकलायचंही सुचलं नाही.

वसंता घरात नव्हता. समुद्रावर असेल, असं कळलं, म्हणून मी सुरूच्या झाडांतून चालत गेले. वाळू काळसर, ओली. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. तो एका उलट्या होडीच्या सावलीत बसला होता. माझ्याहून चांगला लहान, पण त्या दिवशी थोरला दिसत होता.

"तू कित्याक इलंस, गो ताई? एवढ्या उन्हात?"

"तुला शिव्या द्यायला," मी म्हटलं आणि त्याच्याशेजारी बसले. मुलुंडहून निघताना डोक्यात सगळं तयार होतं. तुझा दोष नाही, झालं ते झालं, मुक्या जनावराला कशाला शिक्षा. मी ते सगळं बोलले. तो वाळूत बोट फिरवत ऐकत राहिला.

"ता माका म्हायती आसा," शेवटी म्हणाला. "मी त्याच्यासाठी नाय विकतंय."

"मग?"

"डॉक्टर म्हणतत, हिका परत दोन होव शकतत. अशा घोड्येक होतत. म्हणजे परत माका इचारतले." त्याने वाळूतली रेघ पुसली. "माका हो म्हणूक जमाचा नाय, ताई. आणि नाय म्हटला तर काय होता, ता मी बघलंय."

"मग घोडा दाखवूच नकोस तिला. टांगा ओढू दे नुसता."

"ती कशी हाक मारता ता ऐकलंस मां? तिका पोर होया. माका पण होया. ह्या घरात शिंगरू वाढलेला बघूचा होता माका. ता होवचा नसात तर ती माझ्यासमोर नको. दुसऱ्याकडे गेली तर तो माणूस हो म्हणात."

मी पदराची वाळू झटकून उठले. आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर लोकांशी भांडले आहे. पण याच्याशी भांडणार कशावरून? त्याच्या जागी मला तरी जमलं असतं का?

घरी आलो. सुलभाने डाळभात आणि मेथीची भाजी वाढली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. तो खाली मान घालून जेवत होता, ती पातेल्याकडे बघत होती. मला ते सहन होईना. माझ्या पोटात काही राहत नाही हे घरचे सगळे जाणतात.

"सुलभा, हा घोडी का विकतोय ते तुला सांगितलंय का याने?"

"मला कशाला सांगतील? मी साखर वाटली ना. माझ्या तोंडाकडे बघवत नाही त्यांना."

वसंताने मान वर केली. "असा कोण म्हणाला?" त्याला खरंच धक्का बसला होता. मग मीच सांगून टाकलं, तो समुद्रावर बोलला तसंच.

सुलभाने डाव पातेल्यात ठेवला.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी म्हणेन हो. त्या दिवशी तुम्ही बोटीत बसा नि पलीकडे जा. पोरीकडे जा कांदिवलीला, जेवून या. सगळं झालं की फोन करते."

वसंताने भात कालवला, पण घास घेतला नाही. सुलभाकडे बघून म्हणाला, "मी खयच जावचंय नाय. हो तू म्हण. घोडी मी धरतलंय."

जेवण झाल्यावर त्याने जुहूच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "घरातली नको म्हणतत." मग गाजरांची पिशवी घेऊन शेडमध्ये गेला.

धक्क्यापर्यंत सोडायला सुलभा आली. बोट समोर दिसायला लागल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"ताई, मी हो म्हणाले खरी. पण कुठलं ठेवायचं, ते डॉक्टर मला विचारणार नाहीत ना?"

"नाही गं. ते कशाला विचारतील," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

भरती आली होती. सकाळचा चिखल पाण्याखाली गेला होता, तिवरांचे फक्त शेंडे वर. मी कठड्याशी जागा धरली. मुलुंडहून निघताना मला वाटत होतं, कारण कळलं की माणसाचं दुःख हलकं होतं. ज्यांना कारण सापडत नाही त्यांचे हाल, असं आपण म्हणतो. ते देवाला दोष देऊन मोकळे होतात, नजर लागली म्हणतात, आणि पुढच्या वेळेला पुन्हा आशेने बसतात. या दोघांना कारण कळलं आहे, म्हणून पुढच्या वेळेला दोन निघाली तर त्यांना आशेबरोबर एकाला मारायला होही म्हणायचं आहे. यावर त्यांना धीर देणारं वाक्य माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. पण एक काम करण्यासारखं होतं.

डॉक्टरांचा नंबर मी सकाळी घेऊन ठेवला होता. बोट मधोमध असतानाच फोन लावला. इंजिनाच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागलं, सगळी बोट वळून बघत होती.

"डॉक्टर, पुढल्या खेपेला दोन निघाली तर कुठलं, ते त्या बाईला विचारू नका. काय केलंत तेही सांगू नका."

मग ते म्हणाले, "ते मी माझ्याकडे ठेवतो. सांगा त्यांना."

मी लगेच सुलभाला फोन लावला.