उलटं ठेवायची झाडं

माझी मोठी बहीण अकोल्याला एकटीच राहते. भाऊजी गेल्यावर तिने बाल्कनीच्या जाळीला ऑर्किड टांगली, आणि त्यांच्यामधल्या जागेत ती बिनमातीची झाडं. एअर प्लांट. लाकडाच्या ढलपीला बांधलेली, राखाडी, हात लावला तर खरखरीत.

ताईला नागपूरला ऑपरेशनला जायचं ठरलं तेव्हा मी ती सगळी अमरावतीला आमच्या घरी आणली. छातीतली गाठ होती. आधी महिनाभर दवाखान्यात उपचार, मग ऑपरेशन; माझी बायको नागपुरात तिच्याजवळ राहणार होती. मी नोकरी सांभाळून दर रविवारी जाऊन डॉक्टरांना भेटायचं, असं वाटून घेतलं होतं.

ताईने मला तीनदा समजावलं. "आठवड्यातून एकदा पावसाच्या पाण्यात बुडव, झटक, उलटं ठेव. पोटात पाणी राह्यलं की सडते. बाकी काही करू नको बाबू, तुले उगाच काहीतरी करायची खाज असते."

त्यातल्या सगळ्यात मोठ्या झाडाची मधली पानं लाल व्हायला लागली होती. म्हणजे फूल येणार. हे झाड जन्मात एकदाच फुलतं. "ऑर्किडचं काय, ते पुढच्या वर्षीबी येईन," ती म्हणाली. "हे मले पाहू दे." चार वर्षं वाट पाहिली होती तिने.

श्रावणातली ढगाळ हवा. दहा-बारा दिवसांत ऑर्किडच्या पानांवर काळे ठिपके दिसले. तिची झाडं माझ्याकडे मरणार, आणि झाडं मेली की... पुढचं वाक्य मी मनातही पूर्ण करत नव्हतो.

आमचं घर संत्रेवाल्यांचं. बागेत खोडातून डिंक गाळणारा डिंक्या रोग दिसो, पानावर ठिपका दिसो, बाबांचं औषध एकच: तांब्याचं मोरचूद आणि चुना. बोर्डो. लहानपणापासून माझ्या हाताला त्याचा निळा डाग. मी प्लास्टिकच्या बादलीत मिश्रण केलं, बाबांसारखाच विळा बुडवून पाहिला. पात्यावर तांब्याचा थर चढला नाही, म्हणजे चुना बरोबर. केवढं समाधान वाटलं मला! ऑर्किडवर मारलं आणि मधल्या झाडांना तरी कशाला सोडायचं, म्हणून त्यांच्यावरही भरपूर मारलं.

ती झाडं पानांनीच पाणी पितात, आणि तांबं हे त्यांचं जहर. हे मला नर्सरीवाल्याने सांगितलं, पण नंतर. ऑर्किड जगली. एअर प्लांट आठवडाभरात टोकांकडून तपकिरी होत गेले. मोठ्याला मी जरा हात लावला, तर मधला लाल गाभा अख्खा माझ्या चिमटीत आला.

ताईचा रोज संध्याकाळी फोन. "फूल आलं का रे?"

"कळी दिसून राह्यली."

"बाजूच्या खाटेवरची बाई म्हणते, मातीबिगर, फुकटात वाढते, मंजे माह्या जावयासारखंच आहे!" ती हसायची. मी पण हसायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "फोटो पाठव." मी इंटरनेटवरून एक शोधला. लाल पानं, जांभळं फूल. पाठवला. उत्तर एवढंच आलं: छान आहे.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर ती झाडांबद्दल बोलली नाही. मी म्हणालो, फूल येऊन गेलं, मग झाडं वाळली. ती "हो का" म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

दोन वर्षं मी असा सुटलेला होतो. तिच्या बाल्कनीत गेलो की ऑर्किडांमधले रिकामे हूक मोजायचो. गेल्या महिन्यात चहा पिताना अचानक सगळं बोलून टाकलं. बोर्डो, विळा, फोटो, सगळं.

ताईने कप खाली ठेवला. "मले तवाच कळलं. माह्या झाडाची पानं आत वळलेली होती. फोटोतली सरळ."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? डॉक्टरशी तूच बोलायचा. मले वाटलं, हा झाडाचं लपवून राह्यला, मंजे माहं पण लपवून राह्यला. डॉक्टरनं काहीतरी वाईट सांगतलं अन् आता मले खुश ठेवून राह्यले सारे." तिने कप पुन्हा उचलला. "मी ऑपरेशनले मरायलाच गेली होती बाबू."

मला वाटत होतं की मी तिला एका भीतीपासून वाचवलं.

डॉक्टरांनी तेव्हा खरंच काही वाईट सांगितलं नव्हतं, हे मी तिला शपथेवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तिची तपासणी आहे. मी सोबत येतो म्हणालो.

"ये ना," ती म्हणाली. "पण फाईल माह्याजवळ राहीन. अन् डॉक्टरच्या खोलीत मी एकटी जाईन."