नुसतं पाणी दाखवा

"सोलापुरात लाकडी फरशी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" असं नवरा म्हणाला, म्हणून तर मी हट्टानं बसवून घेतली. पुढच्या खोलीत, अस्सल सागाच्या फळ्या. सुतारमिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, हिला पाणी चालत नाही. फडक्याला नुसतं पाणी दाखवायचं, कच्चून पिळायचं आणि मग फिरवायचं." मी ते इतकं मनावर घेतलं की घरातल्यांना जगणं नकोसं केलं. खुर्च्यांच्या पायांना जुन्या चादरीचे तुकडे बांधले. उन्हानं फळ्या आकसतात म्हणून दुपारभर पडदे ओढलेले. कुणी पाण्याचा पेला घेऊन त्या खोलीत आलं की मी ओरडलेच, "हां हां, आधी बाहेर!"

आई गेल्यावर मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोहोळकडच्या आमच्या गावाहून इकडं आणलं. कायमचं राहायला. लेकीच्या घरी बसून खायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण माझ्या रडण्यापुढं तयार झाले. बैल विकल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. सारखं आपलं, "काय तरी सांग की मला करायला."

एका सकाळी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत मी म्हटलं, "पुढची खोली तेवढी पुसा, आबा. पण नुसतं पाणी दाखवा हं."

दुपारी घरी येऊन बघते तर खोलीभर पाणी. दोन रिकाम्या बादल्या भिंतीशी ठेवलेल्या, आणि आबा धोतर खोचून उकिडवे बसलेत, तळहातानं पाणी फटींकडं सारताहेत. मला बघून इतके खुलले! "लई तानली हुती गं. भेगा पडल्या हुत्या. दोन बादल्या प्याली बघ."

माझं टाळकंच सरकलं. "अक्कल कुठं गहाण ठेवली, आबा? गोठा वाटला का हा तुम्हाला?" बापाला बोलले मी हे. वर आणखीही बरंच बोलले.

ते ओल्या हातांनी उभे राहिले. "तूच म्हणलीस की, पाणी दाव म्हणून."

"वर मलाच बोला!" मी म्हटलं.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि गुडघ्यांवर बसून सगळी खोली टिपून काढली. त्यांचे गुडघे दुखायचे, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना पुसू दिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "रानाकडं बघाया नगं व्हय?" एवढंच कारण. मीही फार आग्रह केला नाही. फळ्या फुगून वर आल्या होत्या, आणि माझा जीव त्यांच्यात अडकला होता.

दिवाळीला मी गावी गेले होते. दिवस कलताना शेजारचे काका सुनेला विचारत होते, "बैलास्नी पाणी दावलं का?" माझ्या हातातला चहा तसाच राहिला. लहानपणी आमच्या घरी ते काम माझंच होतं. बैल आपणहून मान वर करीपर्यंत बादली धरून ठेवायची, रिकामी झाली तर दुसरी आणायची. त्याला आम्ही पाणी दाखवणंच म्हणायचो. पोटभर, तहान भागेपर्यंत! जन्मभर तो शब्द तसा वापरलेल्या माणसानं माझं सांगणं अक्षरशः पाळलं होतं, आणि मी, त्यांचीच लेक, मिस्त्रीची भाषा बोलत होते.

आबा ओट्यावरच बसले होते. चार पावलांवर. चुकलं म्हणायला तेवढी वाट पुरेशी होती. मी जवळ गेले आणि विचारलं, "आबा, अजून चहा घेता का?" जीभ शिव्या द्यायला चुरूचुरू चालते, मेली, नेमक्या वेळी गप्प बसते.

मिस्त्रींनी फळ्या पुन्हा घासून सरळ केल्या, पॉलिश मारलं. आता काही कळतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात आबा डोळे तपासायला आले होते. राहणार नाही, संध्याकाळच्या एसटीनं परत, हे आल्या आल्याच सांगून टाकलं. फळ्यांवरून भिंतीच्या कडेकडेनं चालत खुर्चीवर टेकले. उन्हातून आलेले, ओठ सुकलेले. मी पाण्याचा पेला हातात दिला. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, खाली फरशीकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पेला धरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन मोरीपाशी उभ्यानं पाणी प्यायले.

"आबा, इथं खुर्चीवर बसून प्या की!"

"नगं. सांडलं-बिंडलं तर?"

"सांडू द्या, आबा. सांडू द्या की."

ते हसले, आणि पेला विसळून पालथा घातला.