भिवंडी: लाइट गेली की उघडणारं वाचनालय

भिवंडीला कोणी फिरायला जातं का, असं मला चार जणांनी विचारलं. जात नाही. मीही गेले नसते, पण आईची बासष्ट पुस्तकं कोणी घ्यायलाच तयार होईना. मी लहान फ्लॅटमध्ये राहायला चालले होते आणि पुण्यातल्या तीन वाचनालयांनी जागा नाही म्हणून हात झटकले होते. आईची पहिली नोकरी भिवंडीच्या एका शाळेत होती, म्हणून तिथल्या एका वाचनालयाला पत्र टाकलं. ग्रंथपाल भोईरताईंचं पोस्टकार्ड आलं: "अवश्य आणा. सोबत यादी असावी." पुस्तकं फुकट मिळतायत आणि वर अटी! तरीही बसून यादी केली.

भाड्याची गाडी जाऊन-येऊन अडीच हजारांना पडली. ठाण्यापर्यंत रस्ता झकास. पुढे कशेळीच्या खाडीपुलाला ड्रायव्हर आणि मी ट्रकांच्या मागे सव्वा तास उभे होतो. जायचंच असेल तर सकाळी सातच्या आत खाडी ओलांडा, नाहीतर घरीच बसा. दोन्हीकडे गोदामं, आणि गोदामांच्या मधल्या जागेत आणखी गोदामं बांधायचं काम चालू. अंजूरफाट्याला वडापाव खाल्ला. कबूल करायला जिवावर येतं, पण उत्तम होता.

वाचनालय टेमघरच्या बाजूला, खाली दुकानं आणि वर दोन खोल्या. पाटीवर वेळ सकाळी नऊ ते बारा. आम्ही दहाला पोचलो तर दाराला कुलूप. समोरचा चहावाला म्हणाला, "लाइट गेली की उघडंल."

"म्हणजे?"

"भारनियमन हाय ना. साडेदहाला जाईल. लूम चालू असतात तवर कोन येतंय वाचायला?"

जगात दिवा लागला की लोक वाचायला बसतात, इथे दिवा गेला की. मी कपाळावर हात मारला आणि चहा सांगितला.

साडेदहाला खरंच लाइट गेली. सगळ्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबला. मागोमाग भोईरताई लगबगीने आल्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या पाठोपाठ केसांत कापसाचे तंतू अडकलेले पंधरा-वीस कामगार जिना चढले. खिडकीपाशी जागा धरून त्यांनी उर्दू, हिंदी, मराठी पेपरांची पानं सुटी करून आपापसांत वाटून घेतली. कोणाला बातमीचा शेवट हवा असला की तो शेजाऱ्याकडे हात पुढे करायचा. ही पद्धत मला आवडली, पण तसं तोंडावर दाखवायची माझी तयारी नव्हती.

कारण भिंतीला नऊ काचेची कपाटं होती. प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी आणि प्रत्येकाला कुलूप. आतली पुस्तकं तीस वर्षांची असूनही कोरी करकरीत.

"यांच्या किल्ल्या?" मी विचारलं.

"अध्यक्षांकडं असतात," भोईरताई म्हणाल्या. "देणगीदारांचे नातेवाईक बघायला येतात हो. मागे एकांना एक पुस्तक सापडलं नाही तर इथं उभं राहून काय काय बोलले. तेव्हापासून कुलूप."

"मग वाचनालय कशाला म्हणता? गोदाम म्हणा. भिवंडीत खपून जाईल."

हे वाक्य दारात उभ्या असलेल्या अध्यक्षांनी ऐकलं. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सदरा, मनगटात सोन्याचं कडं. ज्या शेतांत आज गोदामं उभी आहेत, त्यांतली काही यांचीच. ते शांतपणे खुर्चीत बसले.

"बाई, ही पुस्तकं तुमच्याकडं किती वर्सं होती?"

"आई गेल्यापासून. अकरा."

"कोनाला दिली वाचायला?"

दिली नव्हती. शेजारणीने एकदा मागितली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. पण या माणसाने ते विचारावं? मी म्हटलं, "माझं सोडा, तुमचं बोला."

"मी बोलतो ना. हारवलं तरी चालंल, असं लिहून द्या. आजवर कोनी दिलं न्हाय. तुमची पुस्तकं उघडी ठेवतो."

मी तिथल्या तिथे कागद घेतला. 'पुस्तके उघड्या रॅकवर ठेवावीत, कोणालाही घरी न्यावयास द्यावीत, हरवल्यास माझी कसलीही तक्रार राहणार नाही.' खाली झोकात सही केली. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचून खिशात घातला. भोईरताईंचा चेहरा उजळला आणि आपण पुण्याहून येऊन भिवंडीला शहाणं केलं, असं मला वाटलं.

खोकी उघडताच पहिली पुढे आली ती सरोजा. तिशीची, घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करणारी. मूळची तेलुगू, मराठी पालिकेच्या शाळेत शिकलेली. तिने नेमकं आईचं शिवणकामाचं पुस्तक उचललं आणि बोट ठेवून वाचू लागली.

"मॅडम, ब्लाउजचं पूरा माप आहे यात. घरी सासूची मशीन पडून आहे. कांडी भरून काय सुटतं? ब्लाउज शिवायला जमलं तर कांडीतून सुटेन मी. हे नेऊ?"

"दाखल करून नंबर टाकते, मग ने. परवा ये," भोईरताई म्हणाल्या. सरोजाने पुस्तक होतं तिथे नीट ठेवलं आणि ती गेली.

मी सहज ते चाळलं. समासात आईच्या अक्षरात माझ्या फ्रॉकची मापं होती. पाचव्या वर्षाची, सहाव्या, सातव्या. अकरा वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं. भोईरताई पावती आणायला आत गेल्या आणि मी पुस्तक पर्समध्ये टाकलं. माझंच होतं, मी परत घेतलं, त्यात चोरी कसली?

जेवायला खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट, पस्तीस रुपयांत. जरूर खा. नंतर वज्रेश्वरीला गेलो. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायलाही रांग असते आणि रांगेतला प्रत्येक माणूस आपल्याला कुठल्या दुखण्यावर गुण आला ते सांगतो. पर्स मी पूर्ण वेळ काखेत धरून होते.

घरी येऊन आठ दिवस झाले आणि भोईरताईंचा फोन आला. "मॅडम, यादीत बासष्ट आहेत, भरतात एकसष्टच. शिवणकामाचं सापडत नाही. तुमच्याकडं तर नाही ना राहिलं?"

"नाही," मी म्हटलं. "तिथेच असेल, बघा."

हे मी म्हटलं. हरवलं तरी चालेल म्हणून सही करणारीने.

खरं सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. पुस्तक माझ्याकडेच आहे, असं मी फोन करून भोईरताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सरोजाला विचारलं हो. तिनंच मागितलं होतं ना, म्हणून. सगळ्यांसमोर विचारलं. तिनं पिशवी उलटी करून दाखवली आणि गेली. परत आली नाही."

"अध्यक्ष?"

"ते म्हणाले, कागद दिलाय बाईंनी, कुलूप लावायचं नाही."

नऊ कपाटांना मी गोदाम म्हणाले होते. त्या गावाने माझ्या सहीचा मान ठेवला, मी ठेवला नाही. मला माझी लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच हे इथे जाहीर लिहिते आहे.

पुस्तक रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचल्याचं पोस्टकार्ड आलं, त्यावर दाखल क्रमांक होता. सरोजा आली का, ते भोईरताईंनी लिहिलेलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे आणि मी अजून विचारलेलं नाही.