एकच सरकार वाचवलं

मंडई, आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, तोंडावर आली होती. नाटकाचा मुकुट उन्हात ठेवून त्याला चमकीचा कागद डकवत होतो, तेव्हा यशवंताच्या मुलीचा दिल्लीहून फोन आला. "मोठेबाबा, बाबा गेले. झोपेतच."

"मंडई पाह्याची सोडून गेला?" मी म्हटलं. पोरगी रडता रडता हसली. तिचा बाप जगात कुठंही असो, आमच्या गावच्या मंडईतल्या नाटकाला हजर व्हायचाच, हे तिलाही ठाऊक होतं.

यशवंता माझा शाळेतला सोबती. मास्तरानं हात उगारला म्हणून मी चौथीतच पाटी ठेवून घरी आलो, पुन्हा गेलो नाही. तो शिकत शिकत दिल्लीला प्राध्यापक झाला. कोणत्या देशात सरकार काऊन पडते, अन् ते पडलं की शेजारचे देश काय डाव खेळतात, हाच त्याचा जन्मभराचा अभ्यास. जिथं बंड झालं, जिथून राजा पळाला, तिथं हा जाणार अन् चहाच्या टपरीवर लोकांना बोलतं करणार. मी म्हणायचो, "लोकं लग्नाले जातात, तू देशाच्या तेरवीले जातं." तो म्हणायचा, "तेरवीलेच लोकं खरं बोलतात, भाऊ."

गावात मात्र त्याचं काम एकच. नाटकात राजा मी, अन् पडद्याआड स्टुलावर बसून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर तो. प्रॉम्प्टरनं हळू बोलावं, पण याची हयात वर्गात शिकवण्यात गेलेली. आवाज पार मागच्या बैलगाड्यांपर्यंत जायचा. एका सालची गोष्ट... "सेनापती, दरवाजे बंद करा" हे मी म्हणायच्या आधीच सेनापतीनं दरवाजे बंद केले. मांडव हसून लोळला. मी डोळे वटारले, तर यानं पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं सांगितलं.

गेल्या साली तालमीत मी सारखा अडकत होतो. आता गजाननला राजा करू, अशी पोरांची कुजबुज माझ्या कानावर आली. गजानन माझाच पुतण्या. मी मुकुट काखेत दाबून बसलो. "मी जिता हाओ तोवर राजा मीच." यशवंतानं सगळ्यांना चहाला पिटाळलं अन् माझ्याजवळ टेकला.

"भाऊ, राजे दुश्मनामुळं कमी पडतात. उतराचं कवा, हे समजत नाई म्हणून जास्त पडतात."

"हे दिल्लीत शिकव. एवढी सरकारं पडताना पाह्यली, एखादं वाचवलं का?"

"एकच. तुयं. दरसाल, पडद्याआड बसून."

दोघंही इतके हसलो, की चहा सोडून पोरं पाहायला आली. पण मुकुट मी दिला नाही. राजा मीच झालो, अन् तो स्टुलावरून ओरडत राहिला.

यंदा मंडळी म्हणाली, वडशाहून दुसरा प्रॉम्प्टर आणू. मी साफ नाही म्हटलं. परक्याच्या सांगण्यावर मी राज्य करत नाही. मुकुट मी माझ्या हातानं गजाननच्या डोक्यावर ठेवला. कोणी काढून घेतला नाही, हे गावानं पाहिलं आहे. मग पडद्याआड जाऊन यशवंताच्या स्टुलावर बसलो. अक्षर लावायला मला वेळ लागतो, पण राजाचं भाषण वाचायची मला गरजच काय... अन् नवल असं, की उभ्यानं अडकणारा मी त्या स्टुलावर बसून कुठंच अडकलो नाही.

अडकला तो गजानन. मी त्याला हळूच सांगितलं, माझ्या मतानं तरी हळूच.

त्यानं तोंड उघडायच्या आत सेनापतीनं दरवाजे बंद केले.