उन्हाळ्यातच भरणारा तलाव : साताऱ्याहून सांगलीला

जानेवारीत लोक कोकणात जातात, गोव्याला जातात, अगदीच हौस असेल तर राजस्थानात जाऊन उंटावर बसतात. मी सातारा-सांगलीला गेले. सरकारी नकाशातल्या पाण्याबद्दल लोकांचं मत विचारायला.

त्याचं झालं असं. नद्या, ओढे, कालवे, तलाव कुठे आहेत ते दाखवणारा एक सरकारी नकाशा संगणकावर असतो. ज्यांचं पोट या नकाशावर चालतं, म्हणजे कालव्यांचे इंजिनिअर, साखर कारखान्यांचे शेती अधिकारी, पूररेषा आखणारे, त्यांना विचारून तो सुधारावा असं वर कुणाच्या तरी मनात आलं. (हे कौतुकानेच लिहितेय. असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.) विचारण्याचं काम पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला मिळालं, आणि त्या कंपनीचे अहवाल मी लिहिते. आमच्या तरुण मंडळींनी आधी सगळ्यांना मोबाइलवर लिंक पाठवली. उत्तरं आली : 'छान', 'ओके', आणि एकाचे नुसतेच जोडलेले हात. तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष जा. तुमच्यासमोर लोक बोलतात." खरं तर माझ्यासमोर मीच बोलते आणि लोक सुटका म्हणून उत्तर देतात. पण प्रवासभत्ता मिळत असताना माणसाने फार खरं बोलू नये.

"गाडी मी चालवतो," नवरा म्हणाला. प्रमोद बँकेतून निवृत्त झालाय आणि हा त्याग नव्हता. पुण्यापासून सांगलीपर्यंत कुठल्या वळणावर काय चांगलं मिळतं हे त्याला पाठ आहे. पाण्याचा नकाशा माझा, खाण्याचा त्याचा.

पहाटे निघालो. खंबाटकी उतरेपर्यंत थंडी होती आणि साताऱ्यात पोचेपर्यंत भूक. जाणाऱ्यांसाठी सूचना : हायवेवर रुंदीकरणाचं काम चालू आहे, दर थोड्या वेळाने तुम्हाला बाजूच्या रस्त्यावर ढकलतात, तेव्हा गुगल सांगेल त्यात तासभर आपल्या मनाने मिळवा. आणि कंदी पेढे येताना घ्या. जाताना घेतलेले कराडच्या पुढे पोचत नाहीत. आमचे उंब्रजलाच संपले.

साताऱ्यात भेट होती जाधव साहेबांची. उपसा योजनेचं पाणी साताऱ्यातून सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत नेणाऱ्या कालव्यांची आखणी ते करतात. टेबल इतकं स्वच्छ की माझी पर्स ठेवायला संकोच वाटला.

"हा नकाशा वापरता?"

"रोज."

"समाधानी आहात?"

"पूर्ण."

"चुका आढळतात?"

"किरकोळ. चालायचंच."

"किरकोळ म्हणजे?"

"म्हणजे चालायचंच," ते म्हणाले आणि चहा मागवला. साताऱ्यात चहा मागवला की विषय संपला असं समजावं.

कराडच्या अलीकडे अख्खा मसूर आणि रोटी. दोघांचं पोट भरलं आणि वर कांदा फुकट. कराडला हायवे सोडून विट्याचा रस्ता धरला आणि ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंना ऊस, समोर ऊस आणि आरशात बघाल तर मागेही ऊस, कारण गाळपाच्या हंगामात हा रस्ता ट्रॅक्टरांचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस आणि त्यावर गाण्याचा भोंगा. मागचा दिवा सोडून सगळं असतं. हा टप्पा उजेडातच उरका. ट्रॅक्टरवाला पुढे जायला हात करतो खरा, पण तोच हात तो गाण्याच्या तालावरही हलवत असतो. प्रमोदला फरक ओळखता येईपर्यंत कडेगाव आलं.

कडेगावात संपतराव भेटले. साखर कारखान्याचे शेती अधिकारी, गडगडाटी हसू, भिंतीएवढा पडदा. त्यावर गावोगावचा ऊस हिरव्या छटांत आणि पाणी निळं.

"आवं मॅडम, नकाशा लय भारी हाय. आमचं सगळं त्यावरच चालतंय."

"चुका?"

"चूक न्हाईच. फक्त एक करा बगा. ओढा कुटं हाय ते नकाशा दावतोय, पर ओढ्यात ऊस कुणी लावलाय ते दावत न्हाई. तेवढं घाला. अर्धा तालुका निळ्याचा हिरवा हुईल!" आणि टेबलावर हात आपटून ते इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

मी 'समाधानी' असं टिपून घेतलं. प्रमोदने विचारलं, बेदाणा चांगला कुठे मिळेल. संपतराव एकदम गंभीर झाले. "तासगावच्या वाटंवर आमच्या पाव्हण्यांचं शेड हाय. रत्नाताई. मी फोन करतो. दुसरीकडं घेऊ नका, राग येईल." कुणाला राग येईल ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून दिसत होतं.

विट्यापुढे ऊस विरळ झाला, माळ उघडे पडले, आणि मग द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं दिसायला लागली. शेड म्हणजे लोखंडी सांगाड्याचं, चारी बाजूंनी वारा येईल असं लांबलचक घर. आत जाळीचे मजल्यावर मजले. द्राक्षं त्यावर पसरायची, आठवडा-दोन आठवड्यांत बेदाणा होतो. मग तो झाडून खाली घ्यायचा आणि पटांगणात ताडपत्रीवर शेवटचं ऊन द्यायचं. हंगाम अजून महिनाभर लांब होता, म्हणून रत्नाताईंचं शेड रिकामं आणि धुतलेलं होतं. गेल्या साली ठेवणीत टाकलेला बेदाणा प्रमोदने तीन वेळा चाखला आणि तिन्ही वेळा विचारात पडला.

"तुमीच का नकाशावाल्या?" रत्नाताईंनी मला विचारलं. पन्नाशीची बाई, डोक्यावरचा पदर घट्ट आणि नजर त्याहून घट्ट.

"हो. म्हणजे नकाशाबद्दल विचारणारी."

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर तोच सरकारी नकाशा. मध्ये एक सुबक निळा चौकोन. "ह्ये बगा. तुमी आत्ता ह्या तळ्यात बसलायसा. पवायला येतंय न्हवं?"

मी खाली पाहिलं. कोरडं, शेणाने सारवलेलं पटांगण.

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या ताडपत्र्या निळ्या. त्या अंथरतात ऐन उन्हाळ्यात. वरून फोटो काढणाऱ्या उपग्रहाला भर मार्चमध्ये, आसपास सगळं करपलेलं असताना, इथे निळंशार चौकोनी काहीतरी दिसलं. दर वर्षी. संगणकाने निष्कर्ष काढला की हा उन्हाळ्यातही न आटणारा तलाव आहे. पावसाळ्यात तो कोरडा का पडतो, हा प्रश्न संगणकाला पडला नाही.

एवढ्यावर हसून सोडलं असतं. पण रत्नाताईंना शेजारीच दुसरं शेड उभं करायचं होतं. गेल्या साली एका शेडमध्ये त्यांची आणि धाकट्या जावेची, दोघींची द्राक्षं मावली नाहीत. जावेची बाग नंबर लागायची वाट बघत वेलीवर राहिली आणि अवकाळी पावसात सापडली. या वर्षी त्यांनी जावेला शब्द दिला होता : तुझी द्राक्षं आधी. सांगाड्याचं लोखंड येऊन पडलं होतं. परवानगी मात्र अडली, कारण जागेवर तलाव होता.

"मी हापिसात गेलो तर म्हणाले, पाण्यात बांधकाम करता येत न्हाई. मी म्हणलं, सायेब, पाण्यात बेदाणा वाळतोय का?"

"मग?"

"मग पाहणीला मानूस आला. हितंच खुर्ची टाकून बसला, च्या प्याला." रत्नाताईंचे यजमान बापू शेजारीच उभे होते. त्यांनी कागदावरचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं : "जागेवर पाणी आढळून आले नाही, तथापि नकाशात आहे."

"तथापि!" रत्नाताई म्हणाल्या. "त्या तथापिच्या नादात आमची द्राक्षं जायची."

मी विचारलं, हे संपतरावांना का नाही सांगितलं? ते रोज हाच नकाशा बघतात.

"पाव्हण्यांच्या म्होरं रडगाणं कशाला? आन् त्ये उसातलं, आमी द्राक्षातलं."

माझी प्रश्नावली फक्त व्यावसायिक वापरकर्त्यांसाठी होती, हे मी चाचरत सांगितलं. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मी कुटं नकाशा वापरतोय? त्योच मला वापरतोय." मग उन्हं कलली तशा त्या उठल्या. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, आणि पाहुणा उपाशी सुटत नाही. ज्वारीची भाकरी, वांगं नसलेली आणि कांदा-लसूण न घातलेली भाजी, वर शेंगाचटणी. इतक्या लवकर कसं जेवायचं, असं पुटपुटत प्रमोदने तीन भाकऱ्या खाल्ल्या. सांगलीत पोचल्यावर रात्री पुन्हा भेळ खाल्ली, ती वेगळी.

सांगलीत मुक्काम केला तर सकाळी कृष्णेच्या घाटावर जरूर जा. भडंगाचा एक पुडा खिशात ठेवा, दुसरा गाडीत लपवा. आमची शेवटची भेट मेघनाची होती. नदीची पूररेषा आखून देणारी, तिशीतली, बोलायला भरभर. ऑफिस पहिल्या मजल्यावर. सांगलीत तळमजल्यावर ऑफिस घेणारा माणूस एक तर बाहेरगावचा किंवा फारच आशावादी.

मी प्रश्नावली काढलीच नाही. म्हटलं, तासगावच्या वाटेवरचा एक तलाव दाखव. तिने पडदा फिरवला, गाव आलं, रस्ता आला, शेड आलं. तलाव नव्हता.

"अगं, इथे तलाव आहे ना नकाशात?"

"तो होय? ते बेदाण्याचं शेड आहे हो. मी माझ्या कॉपीतून केव्हाच उडवलाय."

"तुझ्या कॉपीतून?"

"मग काय! सगळेच करतात. सरकारी नकाशा उतरवून घ्यायचा, चुका दुरुस्त करायच्या, आणि आपलं काम करायचं."

"आणि सरकारला कळवायचं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला मीठ कमी आहे म्हणून सांगायला उठले होते.

मी तिथूनच जाधव साहेबांना फोन लावला. हो, त्यांच्याकडेही तो तलाव नव्हता. "आमचा कालवा तिथून जातो ना, मग तलाव ठेवून कसं चालेल?" पण तलाव हा त्यांचा विषय नव्हता, कालवा होता. मेघनाचाही तलाव हा विषय नव्हता, नदी होती. मग संपतराव.

"त्ये तळं? मीच काढलंय की! दोन वर्सं झाली. पाव्हण्यांचं शेड मला ठावं न्हाई व्हय?"

"मग कळवलं का नाहीत?"

"कुनाला? आन् कळीवलं की म्हणत्यात, आता तुमीच या दुरुस्तीला."

"संपतराव, त्या तळ्यापायी रत्नाताईंचं नवं शेड अडलंय. परवानगी मिळत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कानठळ्या बसल्या. "आन् मला सांगितलं न्हाई? मी मेलोय काय हितं? रोज त्या गावावनं जातोय मी!" पुढचं मी लिहीत नाही, कारण ते नात्यातलं होतं.

नकाशाच्या पानावर खाली कोपऱ्यात 'चूक कळवा' असं एक बटण आहे. तिघांनाही ते माहीत होतं. लिफ्टमधली धोक्याची घंटा असते ना, तसं. आहे हे माहीत असतं, दाबणारा मात्र दुसरा असतो. संपतरावांनी शेडवर जाऊन स्वतः फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत बटण दाबलं. मेघना कां-कूं करत होती. मी म्हटलं, "ठीक आहे, तुझं उत्तर 'पूर्ण समाधानी' असं छापते." तिने लगेच दाबलं. जाधव साहेबांना मी तेच वाक्य ऐकवलं. त्यांना आनंदच झाला. शेवटी मेघनाने त्यांना फोन करून कालव्याच्या मोजणीचा कागद जोडायला लावला. तो शिक्क्याचा होता, आणि तोच कामी आला.

पेठ नाक्यावरून हायवेला लागून परत आलो. पेढे घेतले, पुण्यापर्यंत पोचले. अहवालात मी लिहिलं की हा नकाशा उत्तम आहे, आणि त्याच्या त्याहून उत्तम अशा कित्येक प्रती लोकांच्या कपाटात आहेत. त्या मागून घ्या. साहेबांनी 'कपाटात' खोडून 'विविध स्तरांवर' केलं. बाकी तसंच गेलं.

या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर चिडलेले संपतराव. त्यांनी पेटून उठून आपल्या प्रतीतल्या सगळ्याच दुरुस्त्या कळवून टाकल्या. परवा त्यांचा फोन आला होता. "मॅडम, तुमी लय वाटोळं केलं माझं. चार कारखान्यांचं लोक माझा नकाशा मागाय यायचं. आता सरकारीच बराबर झालाय, च्या पाजायला बी कोन येईना."

आणि काल रत्नाताईंचा. तळं नकाशातून गेलं, परवानगी हातात आली, सांगाडा उभा राहिला. धाकट्या जावेची द्राक्षं सकाळीच जाळीवर चढली होती, तीही आधी, शब्द दिल्याप्रमाणे. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, आता दोन शेडं, दुप्पट ताडपत्र्या, जरा सांभाळा. निळ्या अंथरू नका.

"न्हाई न्हाई, निळ्या समद्या काढल्या," त्या म्हणाल्या. "बापूनी नव्या आणल्यात. हिरव्यागार. आता बगू, जंगलखात्याचा मानूस कवा येतोय."