एक सरकारी काम, शेवटापर्यंत

दहावीची परीक्षा संपली त्याच दिवशी मी वस्तीवर जाहीर केलं की अकरावीला मी राज्यशास्त्राच्या खास तुकडीत जाणार. जाहीर केलं म्हणजे काय, इतक्या मोठ्यानं सांगितलं की दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडंसुद्धा दचकली असतील. आमची वस्ती औरंगाबादच्या कडेला, सगळी मेंढपाळांची घरं, मूळचे आम्ही पिशोरकडचे. दहावीपर्यंत पोचलेली मी तिथली पहिलीच, त्यामुळे मी काहीही बोलले तरी खोटं आहे हे सांगायला कुणी नव्हतं. फुगवून सांगायची ही सवय मला तिथंच लागली.

खास तुकडी मात्र खरी होती. शहरातल्या एका कॉलेजातले सर ती चालवत आणि मोजकीच पोरं घेत. निवड मार्कांवर नव्हती. उन्हाळ्यात राज्यघटनेवरचं एक जाडजूड पुस्तक वाचायचं, आणि एक काम करायचं.

"आपल्या भागातलं एक सरकारी काम निवडा," सरांनी आम्हाला बोलावून सांगितलं. "ते कुठं सुरू होतं, कुणाच्या टेबलावर जातं, कोण ठरवतं, शेवट काय होतो, डोळ्यांनी पाहा. जूनमध्ये मला तोंडी सांगा. पुस्तकातलं नको, पुस्तक मी वाचलंय."

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, विद्यापीठाच्या नामांतराचं घेतलं तर चालंल?"

विधिमंडळात ठराव होऊन कित्येक वर्षं झाली होती, त्यापायी गावोगाव घरं जळली होती, माणसं मेली होती, आणि नाव जागचं हललं नव्हतं. अर्धी पोरं तिच्याकडं बघायला लागली, अर्धी खाली.

"शेवट बघायचाय, बाई," सर म्हणाले.

"तेच म्हणतेय सर. शेवट नसला तर?"

"दिसेल तिथपर्यंत सांग."

ती मुलगी त्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण झाली, कारण कचेऱ्यांच्या बाकांवर आम्ही दोघीच पंधरा-सोळा वर्षांच्या होतो, बाकी सगळे आमच्या आज्यांच्या वयाचे. काही तर बहुतेक निजामाच्या वेळेपासूनच तिथं बसलेले होते.

मी निवडलेलं काम आमच्या दारातलंच होतं. वस्तीच्या खाली तळं, आणि तळ्यावर जायची मेंढरांची पायवाट गायरानातून. त्या वर्षी शहराभोवती कारखाने असे उगवत होते की सकाळी दार उघडावं तर समोर नवीन धुराडं. असंच एक तारेचं कुंपण गायरानात आलं आणि आमची वाट आत गेली. आता तळ्यावर जायचं तर डांबरी रस्त्यानं, ट्रकांमधून, लांबचा वळसा. ऊन असं की डांबरात रुतलेली माझी एक चप्पल आजही तिथंच असेल, खणून बघा.

आबाला, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सांगितलं की या वाटेचा अर्ज कुठं कुठं जातो ते मी बघणार. बघणार, एवढंच मी म्हणाले होते. आबानं पागोटं सरळ केलं.

"म्हंजी वाट तू काढणार."

"आबा, काढणार नाय. बघणार."

"तेच की. सरकार वाचायलीस न्हवं तू?"

वस्तीत बातमी फिरली ती आबाच्या तोंडची. पोरगी सरकार शिकायली म्हणजे पोरगी सरकारात गेली. दुसऱ्या दिवशी मी दारात पुस्तक उघडून बसले तर पुढ्यात माणसं. एकाचा बोकड हरवलेला, एकीची रेशनची साखर अडकलेली, आणि एका म्हाताऱ्याला त्याच्या आज्याची घोडी निजामाच्या शिपायांनी नेली होती ती परत पाहिजे होती. मी मूलभूत हक्कांचं पान काढून बघितलं. घोडी कुठंच बसत नव्हती.

"पान उलट की," म्हातारा म्हणाला. "फुडं असंल."

हसायचं इथपर्यंतच. कारण आमच्या लोकांची रीत अशी की उन्हाळा तापला की कळप घेऊन पिशोरकडं निघायचं. तिकडचे शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धान्य आणि विहिरीचं पाणी मिळतं. तिकडं वेळेवर पोचावं लागतं, नाहीतर दुसऱ्याचा कळप बसतो. वस्तीतले सगळे निघाले. आबा निघाला नाही.

"वाट मोकळी व्हायलीच की. कशाला तंगडतोड करायची?"

"आबा, तुम्ही निघा. त्याचा भरवसा नाय."

"तुझा हाय न्हवं."

शिव्या दिल्या असत्या तर भांडले असते. आबा माझ्यावर विश्वास ठेवून बसला, आणि त्याला तिथून उठवायची युक्ती कुठल्याच कलमात नव्हती.

मग मी फिरले. ग्रामपंचायतीनं सांगितलं गायरान आता आमच्याकडं नाही, तलाठ्याकडं जा. तलाठी म्हणाला नोंद माझ्याकडं आहे पण वाट नोंदीत नाही, तहसीलला जा. तहसीलच्या कारकुनानं माझा अर्ज उलटा धरून वाचला, सुलटा धरून वाचला, आणि औद्योगिक वसाहतीच्या कचेरीत पाठवला. तिथले साहेब मीटिंगला गेलेले. मी पुन्हा गेले तर साहेब मीटिंगलाच. ती मीटिंग बहुधा अजून चालू आहे, त्या साहेबांना आतल्या आत नातवंडं झाली असणार.

एकदाचा तिथलाच दुसरा एक अधिकारी भेटला. माणूस चांगला होता, पाणी दिलं. "बेटा, वाट बंद करायचं कुणीच ठरवलेलं नाही. कुंपणाची मंजुरी आहे. वाट मधे आली."

"मग उघडायचं कोण ठरवणार?"

"जे बंद करायचं ठरवलंच नाही, ते उघडायचं कसं ठरवणार? जिल्हा कचेरीत विचार."

जिल्हा कचेरीच्या बाकावर मैत्रीण आधीच बसलेली असायची. ती ठरावाचा पाठलाग करत होती. तिला कुणी मुंबई म्हणे, कुणी विद्यापीठ म्हणे, कुणी नुसतं तिचं आडनाव विचारे आणि पुढं काहीच म्हणत नसे. एकदा मी माझं रडगाणं गायला लागले तर म्हणाली, "तुझ्या मेंढ्यांना पाय तरी हायेत बाई. आमचा ठराव बसला तो बसलाच."

"त्याला हाकायला आबाला पाठवू का?"

"पाठव. काठी घेऊन ये म्हणावं."

आम्ही इतक्या जोरात हसलो की शिपायानं बाहेर काढलं. बाहेर गुलमंडीच्या बाजूनं दुकानांची शटरं पडत येत होती. नामांतरासाठी मोर्चा निघाला होता, विरोधातलाही निघणार होता, बंद जाहीर झाला होता. ती म्हणाली, "तू तुझ्या रस्त्यानं जा. माझ्याबरोबर दिसू नको आज." मी म्हणाले मी कुणाला भीत नाही, अख्ख्या मराठवाड्याला एकटी पुरून उरेन. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं. भ्यायचं काम माझं नव्हतंच. ते तिचं होतं, आणि त्यात मी काही करू शकत नव्हते. ती एका गल्लीत वळली, मी दुसऱ्या. त्यानंतर कचेऱ्या कितीतरी दिवस कधी बंद, कधी अर्ध्या उघड्या.

इकडं मेंढरं. मी कुठलीही गोष्ट फुगवून सांगते हे आतापर्यंत तुम्हाला कळलंच असेल. मेंढरं इतकी वाळली की त्यांची सावली पडेना, असं मी नंतर कॉलेजात सांगायचे आणि पोरं हसायची. खरं एवढंच की कोकरं वळशाच्या रस्त्यावर बसायला लागली आणि आबा त्यांना खांद्यावर घेऊन चालायला लागला. एक खांद्यावरच गेलं. आबा ते तसंच घरापर्यंत घेऊन आला. मी म्हणाले, "आबा, आता तरी निघा." त्यानं विचारलं, "जिल्ह्याच्या सायेबानं काय सांगितलं?" मी म्हणाले, कचेरी बंद आहे. तो म्हणाला, "उघडंल की."

शेवटी पिशोरहून निरोप आला, की नेहमीच्या रानात दुसऱ्याचा कळप बसला, आता येऊ नका. जायला जागा उरली नाही आणि इथं पाणी नाही. आबानं कळप बाजारात विकून टाकला. सगळा. घरी आला, काठी छपरात खोचली आणि जेवला. माझ्यावर चिडला नाही. मी वाट बघत होते त्याच्या चिडण्याची.

त्यानंतर सरकार आलं.

खरंच आलं. एक जीप, त्यात ड्रायव्हर, एक साहेब आणि मोजणीची साखळी घेतलेला माणूस. माझा अर्ज कुठल्यातरी टेबलावरून घरंगळत अखेर खाली पडला असणार. साहेबानं कुंपण बघितलं, तळं बघितलं, आबाला विचारलं, "ही वाट कशासाठी पाहिजे?"

"मेंढरांसाठी, सायेब."

"कुठायत मेंढरं?"

"इकली."

साहेबानं आजूबाजूला बघितलं. इतर घरांची मेंढरं पिशोरकडंच होती. "म्हणजे सध्या वापर नाही," तो म्हणाला आणि लिहून घेतलं. मी मधे पडले. म्हणाले, वापर नाही कारण वाट नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण मी आज जे दिसतं तेच लिहू शकतो." आबानं त्याला खुर्ची दिली, रस्त्यावरच्या दुकानातून उधार साखर आणून चहा पाजला, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

जूनमध्ये सरांसमोर मी सगळं सांगितलं. फुगवलं नाही, फुगवायला जागाच नव्हती. त्यांनी विचारलं, "मग निर्णय कोणी घेतला?"

"कुणीच नाही, सर."

मला तुकडीत घेतलं. मैत्रिणीलाही घेतलं. तिनं सांगितलं होतं, "सर, माझं अजून चालू आहे."

घरी आले तर आबा पारावर बसलेला, पिशोरहून परतलेली माणसं भोवती. साहेबाच्या 'वापर नाही'पायी त्यांच्या कळपांचीही वाट आता बंदच राहणार होती, हे मला सांगायचं होतं. पण आबा बोलत होता.

"जीपा आल्या. तीन! कलेक्टर सोता उतरला. म्हणला, कुठाय ती पोरगी, जिनं अर्ज केला? आन ही आमची उभी, तिथंच, सायबाला तोंडावर बोलली की."

"आबा," मी म्हणाले, "एकच जीप होती."

"हिला काय म्हाईत," आबा लोकांना म्हणाला, "ही बोलण्यात गुतली होती." आणि सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं, घोडीवाल्या म्हाताऱ्यानं तर जागा करून दिली, ये, बस म्हणाला, आता वाट उघडंल की नाय ते सांग.