कागदावरची मालकीण

नाचणगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की होती. वडिलांनी सुरू केलेली, मी सांभाळलेली. सांभाळलेली म्हणजे तिच्यापाशी बसून राहिलेलो. पिशवीबंद आटा आला, गिऱ्हाईक कमी झालं, आणि माझी बायको दीपमाला म्हणू लागली की चक्की विकून मिरची-हळदीचं कांडप टाकू. त्यासाठी गावातल्या बाया पुलगावात जातात. मी म्हणायचो, "पाहू." असं सात वर्षं पाहत होतो. कोणी विचारलंच तर सांगायचो, मार्केटचा अभ्यास सुरू आहे.

दीपमाला भित्री, असं माझं ठाम मत. गॅसचं बटण दोनदा तपासते, बसच्या आधी पाऊण तास स्टँडवर जाऊन बसते. मी मात्र धाडसी. बंद रेल्वेफाटकाखालून मोटारसायकल काढतो.

महिला उद्योजकांना सवलत मिळते असं कळलं, तेव्हा मीच चक्की दीपमालाच्या नावावर केली होती. सही तिची, मालक मी. यंदा त्या योजनेतून देवळीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. सोबत चार पानी फॉर्म. तोही मीच भरला. 'व्यवसायाचे निर्णय कोण घेते?' पती. 'आपण जोखीम घेता का?' नाही. अक्षर माझं सुंदर आहे.

प्रशिक्षणाला बाया आत, नवरे बाहेर कडुलिंबाखाली. आम्ही अकरा जण होतो आणि प्रत्येकाची मालकीण आत बसली होती. धंद्याला जिगर लागते, ते बायांचं काम नाही, यावर आमचं एकमत झालं. मग चहावाल्याला द्यायला सुट्टे नव्हते, म्हणून एकजण आत बायकोकडे मागायला गेला.

परतताना बसमध्ये दीपमाला म्हणाली, "तुमचा फॉर्म मी फाडला. नवा भरला."

"काय लिवलं?"

"आठ दिवसांत चक्की इकते म्हणून लिवलं. मॅडमनं सगळ्यायले वाचूनबी दाखोलं."

बोलते आणि विसरेल, असं मला वाटलं. मी तसंच करतो. पण सहाव्या दिवशी चक्की विकत घ्यायला आर्वीचा एक माणूस टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मी छाती काढून सांगितलं, मालक मी आहे, मला विचारल्याशिवाय काही हलणार नाही. त्यानं हातातला सौद्याचा कागद वाचला आणि विचारलं, "दीपमालाबाई तुम्हीच काय?"

दीपमालानं पेन घेतला. पहिली सही बिघडली, म्हणून तिनं ती खोडली. दुसरीही वाकडी आली.

"एवढं भेव वाटते तं काऊन करून राह्यली?" मी विचारलं.

"भेव तं वाटतेच," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं चुकलं असतं तं लोकं म्हणाले असते, प्रेमदासचं नशीब खराब. माह्यं चुकलं तं म्हणतीन, बाईच्या हाती देल्लं म्हणून बुडालं. अन् तुम्हीबी म्हणसान."

मला फार लाज वाटली, कारण ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं.

टेम्पो गेला. समोरच्या पानठेल्यावरून किसनराव आले. गावाला बातमी तेच पुरवतात. "कोणी इकली रे चक्की?"

"मी," मी म्हणालो. "माह्याच डोक्यातून निंगालं. बुडालं तं मी बुडोलं म्हणून सांगजा."

जन्मात घेतलेली ही माझी पहिली जोखीम.

कांडपाचं यंत्र बसलं, पण पंधरा दिवस किलोभर मिरचीही आली नाही. लोक मला हसले. दीपमालाला कोणी काही बोललं नाही, आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. मग होळी झाली, वर्षभराचं तिखट करून ठेवायचे दिवस आले आणि दारात बायांची रांग लागली, ती अजून हटलेली नाही.

आता गाव म्हणतं, प्रेमदासनं डोकं लावलं. खरं काय ते मी प्रत्येकाला सांगतो. किसनरावांना तर चारदा सांगितलं, मिरचीनं शिंकत शिंकत. ते हसून माझी पाठ थोपटतात आणि म्हणतात, "बायकोले किती मान देतं बाप्पा तू." दीपमाला यंत्रापाशी उभी राहून हे ऐकते. मग पुढच्या बाईची मिरची यंत्रात ओतते.